एअर रायफलच्या माशीची अडकलेली पिन: कोणते पंच घ्यावेत?

रेल्वेलाईन्सकर
नमस्कार. वडिलांच्या वेळची ०.१७७ इंच व्यासाची, नळी मोडून छर्रा भरायची एअर रायफल माझ्याकडे आहे. पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) वाकल्यामुळे तिचा ठोकळा बदलायचा आहे. नवा ठोकळा मिळाला, पण जुना ज्या आडव्या पिनेने नळीवर धरला आहे ती पिन जागची हलत नाही. पिन ३ मिमीची असून तिला लांबीभर फट आहे आणि फटीत लालसर गंज घट्ट बसला आहे. एका दुरुस्तीवाल्याने डावीकडून खिळा ठेवून ठोकल्यामुळे त्या बाजूचे तोंड पसरून भोकाच्या कडेवर आले आहे. पंच (पिन ठोकून बाहेर काढायचे दांडे) पितळी घ्यावेत की पोलादी, संच घ्यावा की सुटे, आणि हातोडी किती वजनाची असावी? खर्चाची मर्यादा ८०० रुपये आहे.

नेम_अचूक
८०० रुपयांत असली कामे होत नाहीत, हे आधीच स्पष्ट सांगतो. मी पाच हजारांच्या आसपास किंमत असलेला परदेशी संच मागवला. त्यात रोल पिनचे पंच, सरळ पंच, पितळी पंच आणि नायलॉनच्या तोंडाची हातोडी हे सगळे आहे. आजवर माझ्या एकाही बंदुकीवर ओरखडा उठलेला नाही. एकदाच खर्च करा आणि निश्चिंत राहा.

जॉबर_साखरपेठ
माझे सारे आयुष्य मागावर गेले आणि अडकलेल्या पिना हा आमचा रोजचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पंच निवडण्याआधी पिन कोणत्या जातीची आहे ते ओळखावे लागते. आपली फटीची आहे, म्हणजे रोल पिन. ती आतून पोकळ असते आणि भोकात दाबून बसवल्यावर बाहेरच्या दिशेने ताणून धरते. तिला सपाट तोंडाचा पंच लावला की कडा आत मुडपतात किंवा बाहेर पसरतात, आणि आपल्याकडे नेमके तेच झाले आहे. रोल पिनच्या पंचाला तोंडाच्या मधोमध लहानसा गोल उंचवटा असतो; तो पोकळीत बसतो, त्यामुळे पंच घसरत नाही आणि मार कडेवर सारखा पडतो. ३ मिमीच्या पिनेला त्याच मापाचा रोल पिन पंच मागा. त्याचा दांडा भोकापेक्षा किंचित बारीक, सुमारे २.८ मिमीचा असतो. सुरुवात आखूड पंचाने करावी, कारण लांब पंच पहिल्याच जोराच्या घावाला वाकतो.

विजापूर_रोड
पितळीच पंच घ्यावा, पोलादाने नळीचा काळा मुलामा जातो. माझ्याकडे पितळी आहे आणि तो उत्तम चालतो.

जॉबर_साखरपेठ
खाचेत बसवलेली साइट (माशीसारखी नेमाची खूण) आडवी सरकवायची असेल, तर पितळ अगदी योग्य आहे. पण ३ मिमीच्या गंजलेल्या पिनेवर इतका बारीक पितळी पंच तोंडाशी चेपतो आणि मग तोच भोकात अडकतो. येथे पोलादी पंचच हवा. मुलामा जपण्यासाठी भोकाभोवती मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावावेत.

नेम_अचूक
एक महत्त्वाची गोष्ट राहिली. पिन नेहमी डावीकडून उजवीकडे काढायची आणि उजवीकडून डावीकडे बसवायची, असा नियमच आहे.

जॉबर_साखरपेठ
तो नियम भरीव आणि एका टोकाला दाते असलेल्या पिनांचा आहे, आणि तोही कारखान्याने पिन त्याच बाजूने बसवली असेल तरच लागू पडतो. रोल पिन दोन्ही बाजूंना सारखी असते. येथे डावे तोंड पसरलेले आहे. डावीकडून ठोकले, तर ते पसरलेले तोंड भोकात शिरताना भोक चिरत जाईल. त्याऐवजी उजवीकडून ठोकावे, म्हणजे पसरलेला भाग सरळ बाहेर निघेल. टेपर पिन, म्हणजे एका टोकाकडे निमुळती होत जाणारी पिन असती, तर गोष्ट वेगळी होती: मेट्रिक टेपर पिनेचा उतार ५० ला १ असतो, म्हणजे १५ मिमी लांबीत दोन टोकांच्या व्यासात ०.३ मिमी फरक पडतो आणि तो व्हर्नियर मापपट्टीवर लगेच दिसतो. तशी पिन बारीक टोकाकडूनच ठोकावी लागते.

चिंचोळी_एमआयडीसी
इतका ऊहापोह कशासाठी? गॅसचा टॉर्च लावून ठोकळा लाल करा, पिन आपोआप सुटेल. आमच्या शेडमध्ये बेअरिंगसुद्धा आम्ही अशीच काढतो.

विजापूर_रोड
कृपया असे करू नका. पोलाद सव्वादोनशे अंशांच्या आसपास पिवळसर पडू लागते आणि तीनशेच्या जवळ निळे होते. नळीवरचा तो डाग नंतर निघत नाही. शिवाय पंच पितळीच घ्या.

सात_रस्ता
मूळ प्रश्न असा आहे की, या बंदुकीला परवाना आहे का? परवान्याशिवाय हात लावल्यास अडचण येईल.

नेम_अचूक
०.१७७ पर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतील एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. दारूच्या बंदुकीचे काम मात्र परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच द्यावे लागते, तेथे घरी पंच चालवू नये.

अशोक_चौक
रोल पिनसाठी मध्ये उंचवटा असलेला पंच घ्यावा, हे माझेही मत आहे. पिनेवर आदल्या रात्री रॉकेल आणि ऑइल मिसळून सोडावे. दोन्ही बाजूंनी सोडावे, कारण गंज मधल्या भागात असतो. हातोडी दीडशे-दोनशे ग्रॅमची पुरे. हलक्या हातोडीने सतत टकटक करत बसल्यास तोंड पसरते. नेमके आणि दमदार घाव घालावेत. खाली सागवानी ठोकळ्यात खाच करून नळी बसवावी आणि पिन पडण्यासाठी भोक ठेवावे. नळी हवेत धरून ठोकल्यास सगळा जोर हातात जातो.

रेल्वेलाईन्सकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पिनेची जात आणि ठोकण्याची दिशा यांबद्दलचे विवेचन मला सर्वात उपयोगी पडले. तरीही मी हातोडी वापरणार नाही आणि पंचही घेणार नाही. नळी जुनी आहे, ठोकळ्याची भिंत पातळ आहे, आणि एकदा घाव चुकलेल्या जागी पुन्हा घाव घालणे मला पटत नाही. अक्कलकोट रोडवरच्या एका टर्नरकडून सिल्व्हर स्टीलचा (हत्यारी पोलादाचा) २.८ मिमीचा आखूड दांडा करून घेत आहे. त्याच्या तोंडाला मध्ये उंचवटा राहील आणि मागे जाड डोके असेल. डाव्या बाजूला ५ मिमी भोकाची बुशी (पोकळ नळकांडे) ठेवून बेंच व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंजात) पिन उजवीकडून दाबून काढायची आहे. टर्नरने साडेतीनशे रुपये सांगितले आहेत. नव्या रोल पिना मी घेऊन ठेवल्या आहेत.

जॉबर_साखरपेठ
माझे मत अजूनही पंच आणि हातोडीच्या बाजूने आहे, कारण गंजलेली पिन धक्क्याने जशी सुटते तशी दाबाने सुटत नाही. दाबूनच काढायची असेल, तर व्हाइसचे जबडे झिजलेले नाहीत ना, ते आधी तपासा. जबडे किंचित तिरके आले तरी इतका बारीक दांडा कडकन तुटतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा लावा. ऑइल मात्र आज रात्रीच सोडा. नळी बंद आणि रिकामी असल्याची खात्री करूनच रायफल व्हाइसजवळ न्या.