शब्दचर्चा : ‘बळी’चा मूळ अर्थ मारणं की देणं?

प्रश्न : ‘बळी’ म्हटलं की बोकड-कोंबडं, नाहीतर अपघातातले मृत आठवतात. पण वैश्वदेवात, म्हणजे जेवणाआधीच्या घरगुती अन्नहोमात, भाताचे घास मांडतात, त्यालाही बलिहरणच म्हणतात. मग मूळ अर्थ कोणता?

प्रतिसाद : देणं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात अग्नीने प्रजांना ‘बलिहृतः’, म्हणजे करभार आणून देणाऱ्या केलं असं येतं. अशोकाच्या लुंबिनीच्या स्तंभलेखात बुद्धाचं जन्मगाव ‘उबलिके’ केलं आहे. बली माफ, बाकी आठवा हिस्सा. राजाला द्यायचा तो बली आणि देवाला, भूतमात्रांना द्यायचा तोही बली. त्या देण्यात पशू आला म्हणून पुढे शब्दाला रक्ताचा रंग चढला.

प्रश्न : मग वैदिक पशुयागात मारण्याला काय म्हणत?

प्रतिसाद : मारणं सोडून बाकी सगळं! यागाचं नाव पशुबंध, म्हणजे बांधणं. विधिवाक्यात क्रियापद ‘आलभेत’, म्हणजे हात लावावा, धरावं. प्रत्यक्ष वधाला ‘संज्ञपन’, म्हणजे संमती द्यायला लावणं. आणि ते करणारा ‘शमिता’, शांत करणारा. पशूला रक्त न सांडता गुदमरवत आणि ऋत्विज, म्हणजे यज्ञ करणारे पुरोहित, तोंड फिरवून बसत. शतपथ ब्राह्मण हा यज्ञविधी समजावणारा वैदिक ग्रंथ तर बजावतो की ‘मार’ म्हणू नये, ती माणसांची रीत झाली, ‘संज्ञपय’ म्हणावं. अश्वमेधाच्या सूक्तात घोड्याला सांगतात, तू मरत नाहीस, सोप्या वाटांनी देवांकडे जातोस. मला यात निव्वळ ढोंग दिसत नाही. ज्यांनी हे शब्द घडवले त्यांना जीव घेण्याचं ओझं जाणवत होतं, म्हणूनच इतकी काळजी.

पण सौम्य शब्द फार दिवस सौम्य राहत नाही. गिरनारच्या पहिल्या शिलालेखात अशोक म्हणतो, इथे कोणताही जीव ‘आरभित्पा’ होम करू नये. हे त्याच ‘आलभ्’चं रूप, आणि इथे अर्थ उघड ‘मारून’. धरण्याचा शब्द तोवर मारण्याचा झाला होता.

दुसरा प्रतिसाद : बाहेरही असंच दिसतं. ग्रीक ‘थुओ’चा मूळ अर्थ धूर करणं, आपल्या ‘धूम’चा नातेवाईक. लॅटिन ‘इम्मोलारे’ म्हणजे पशूवर मीठ घातलेलं पीठ भुरभुरणं. ते ‘मोला साल्सा’ रोममध्ये वेस्टा या चुलीच्या देवीच्या पुजारिणी तयार करत. हिब्रू ‘ओला’ म्हणजे वर जाणारं, कारण सगळा पशू जाळून धूर होई. ‘कोर्बान’ म्हणजे जवळ नेलेलं. आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेली ‘कुर्बानी’ त्याच धातूची, आणि ‘करीब’सुद्धा.

प्रश्न : पशूऐवजी पीठ वापरण्याची चाल नंतरची का?

प्रतिसाद : ब्राह्मणग्रंथांइतकी तरी जुनी. शतपथातली कथा अशी : यज्ञाला योग्य असा ‘मेध’ आधी पुरुषात होता. त्याचं आलभन होताच तो घोड्यात गेला, मग बैलात, मेंढ्यात, बोकडात आणि शेवटी जमिनीत शिरला. देवांनी खणून काढला तेव्हा तांदूळ आणि जव मिळाले. म्हणून पुरोडाश, म्हणजे पिठाचा भाजलेला गोळा, पशूच्या तोडीचा मानला. गोळ्याच्या पिठाला केस, पाण्याला कातडी आणि मळण्याला मांस असं अंगवार नातंही तिथे जुळवलं आहे.

प्रश्न : आणि बळीराजा?

प्रतिसाद : ते विशेषनाम, संस्कृतात ‘बलि’च. ‘बलवान’ या अर्थाचा ‘बळी’ मात्र ‘बलिन्’वरून आला, तो शब्दकोशात वेगळा नोंदवायला हवा.