मदत हवी आहे: ब्लॅकआउटमधला सेटबदल

नमस्कार मंडळी. आमचा हौशी संघ यंदा राज्य नाट्य स्पर्धेत उतरतोय. दुसऱ्या अंकात दिवाणखान्याचा रेल्वे फलाट करायचा आहे, तोही पडदा न पाडता, ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे रंगमंचावरचे सगळे दिवे बंद करून. तालमीत जवळपास 20 सेकंद जातात, शिवाय बाकडं ठेवताना दणका ऐकू येतो. लेव्हलच्या (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्याच्या) कडांना रेडियमच्या पट्ट्या लावल्या, पण त्या पुढच्या रांगेतून चमकताना दिसतात. मागच्या बाजूने लावाव्यात, की विंगेत मंद निळा दिवा पुरेल? प्रकाश, संगीत आणि बॅकस्टेज या तिघांनाही एकाच माणसाने क्यू (म्हणजे 'आता करा' अशी खूण) द्यावा का? हेडसेट नाहीत आमच्याकडे. रंगीत तालीम येत्या रविवारी आहे. बॅकस्टेज सांभाळलेल्यांनी कृपया त्याआधी सांगा. मुलांनी फार जीव ओतलाय या प्रयोगात.