फिरत्या दवाखान्याच्या गाड्या सारख्या गॅरेजला, आफ्रिकेतली पद्धत इथे जमेल का?

गोदाकाठचा: मंडळी, आमची छोटी संस्था आहे नाशकात, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर दवाखाना नेतो. दोन जीपा अन् नर्सताईंच्या चार बाईक. त्यातली एक तरी कायम गॅरेजला असतेच, पावसाळ्यात तर विचारूच नका, कोटंबी घाट उतरला की ब्रेक लायनर गेलेच समजा. गाडी घ्यायला देणगी मिळते हो, पण ऑईल-फिल्टरला कोणी दमडी देत नाही. आफ्रिकेत रायडर्स फॉर हेल्थ म्हणून कोणी यात मोठं काम केलंय असं ऐकलं, कोणाला माहितीये का?

सातपूरकर: हो. १९८०च्या दशकात मोटरसायकल रेसिंगमधली माणसं देणगी द्यायला आफ्रिकेत गेली, तिथे बघतात तर आरोग्य खात्याच्या बऱ्यापैकी नव्या बाईक किरकोळ बिघाडाने भंगारात पडलेल्या. रेसवाल्यांनाच ते खुपणार ना! त्यातूनच रायडर्स फॉर हेल्थ ही संस्था उभी राहिली. त्यांचा नियम साधा, पार्ट खराब व्हायची वाट बघायची नाही, ठरलेले किलोमीटर झाले की बदलायचाच. आणि आरोग्य सेविकेला गाडी गॅरेजला न्यायला लावत नाहीत, मेकॅनिकच ठरल्या दिवशी तिच्या गावी येतो. रोज निघायच्या आधी हवा, ऑईल, चेन, नटबोल्ट बघायचं हे तिलाच शिकवलेलं असतं.

हरसूलवाली: आमच्याकडे ड्रायव्हरला दोष देऊन मोकळे होतात, पण ऑईलचं बिल तीन टेबलांवरून फिरून मंजूर होईपर्यंत गाडी तशीच पळत असते त्याचं काय 😡 मेकॅनिक चांगला असून उपयोग नाही, पैसा आधी हातात पाहिजे.

सातपूरकर: ताई, मेख तिथेच आहे. गॅम्बियात २००९ला त्यांनी बँकेचं कर्ज काढून गाड्या स्वतः घेतल्या आणि सरकारी आरोग्य खात्याला किलोमीटरच्या दराने दिल्या. त्या दरात डिझेल, टायर, सर्व्हिसिंग आणि पुढची गाडी घ्यायचे पैसेसुद्धा. म्हणजे समजा जीप १० लाखाची, २ लाख किमी चालवून ४ लाखाला विकली, तर किमीमागे ३ रुपये आधीच वेगळे ठेवायचे. इथे ते कोणीच धरत नाही, सगळे ॲव्हरेज किती देते एवढंच विचारतात.

गोदाकाठचा: देणगीदार म्हणणार, गाडी आम्ही दिली मग भाडं कसलं?

हरसूलवाली: भाडं म्हणूच नका, प्रस्तावात "प्रति किमी खर्च" लिहा आणि लॉगबुकच्या झेरॉक्स जोडा. आमच्या ओळखीच्या एका संस्थेचं असंच मंजूर झालं, त्याआधी दुरुस्ती असा वेगळा रकाना टाकला की पहिली कात्री तिथेच लागायची.

सातपूरकर: सुरुवात बाईकपासून करा, स्वस्तात पडेल. चारही एकाच मॉडेलच्या आहेत का? असतील तर केबल, ब्रेक शू, प्लग, एअर फिल्टर एका डब्यात भरून पेठला ठेवून द्या, दर वेळी पार्टसाठी नाशकात द्वारका चौकापर्यंत पळायला नको. वेगवेगळ्या असतील तर मॉडेलं इथे टाका, कुठले पार्ट एकमेकींना चालतात ते सांगतो.