अनुभव धागा: तुमची गाडी कोणत्या बाजूला ओढते?

महिनाभर सातारा-कराड रोज जातोय आणि गाडी डावीकडे ओढतेय. स्टिअरिंग जरा सैल सोडलं की निघाली साइडपट्टीकडे. दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केली, दोन्ही वेळा कागदावर सगळे आकडे हिरवे, खोड तशीच. तुमच्याकडे असं झालं असेल तर शेवटी काय निघालं ते लिहा. 'शोरूमला दाखवा' एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या.

मिरजकर: हवा बघितली का आधी? माझ्या उजव्या चाकात 33 psi, डाव्यात 25 निघाली. पंपावरचा पोरगा फोनवर बोलत भरत होता. हवा कमी असलेलं चाक जड फिरतं, गाडी त्याच बाजूला जाते. आता स्वतःचा गेज ठेवलाय. सकाळी, टायर थंड असताना बघतो.

कृष्णाकाठ (सांगली): 2019 च्या पुरात आमची गाडी दोन दिवस पाण्यात होती. सीट, वायरिंग, इंजिन, सगळं निस्तरलं. ब्रेककडे कुणी बघितलंच नाही. काही महिन्यांनी गाडी उजवीकडे ओढायला लागली, ॲव्हरेजही पडलं. मी अलाइनमेंटच्या मागे. एकदा तासगावहून येताना बायको म्हणाली, "काहीतरी जळाल्यासारखा वास येतोय." उतरून बघतो तर उजव्या पुढच्या चाकाला नुसता हात जवळ नेला तरी धग लागत होती, डावं मात्र कोमट. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून जाम झालेल्या. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहायचे, म्हणजे एका चाकाला कायम ब्रेक लावून आम्ही गावभर फिरत होतो! पिना साफ करून ग्रीस, नवीन रबरं, नवीन पॅड. तेव्हापासून सरळ.

रानवाट: थोडी डावीकडे जाणारच की. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो आणि आपण चालतो डावीकडून. सपाट रस्त्यावर बघा आधी.

विटेकर: उसाच्या हंगामात मागचा दिवा नसलेली ट्रॉली चुकवताना डावं चाक साइडपट्टीवरून खाली आपटलं. अलाइनमेंटवाल्यानं काम घेतलंच नाही. म्हणाला, लोअर आर्मचा (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचा) रबरी बुश गेलाय, तो खुळखुळत असताना आकडे जुळवून काय करू? प्रामाणिक माणूस. तोवर टायर आतल्या कडेनं तारेपर्यंत झिजला होता.

निवृत्त मिस्त्री: भाऊ, पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी टाका. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. डावीकडेच राहिली तर गाडीत शोधा. रेडियल टायरच्या आतला पट्टा बिघडला तर बाहेरून काही दिसत नाही. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र ही अदलाबदल नको. आणि बॅलन्सिंगवर (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करण्यावर) पैसे घालू नका, त्यानं थरथर जाते, ओढ नाही.

धागाकर्ता: काका, बदलले. आता उजवीकडे जातेय! इतका आनंद गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता. तो टायर मागे टाकला, पेठ नाक्यापर्यंत जाऊन आलो, एकदम सरळ. पावसाळाभर मागे चालेल ना?

निवृत्त मिस्त्री: आतून-बाहेरून हात फिरवून बघा. कुठं फुगवटा लागला तर मागेही नको, स्टेपनीलाही नको.