घरात एक जण आजारी पडला की बाकीच्यांना कसं जपलंत? (अनुभव लिहा)

निळी शाई
काल कपाट आवरताना एक जुनी वही हाताला लागली. मागच्या पानावर माझ्याच अक्षरात नुसते आकडे. १:४० – ५४. २:१० – ५८. २:३० – ६२, आणि त्याखाली रेघ. क्षणभर कळेना, हा हिशोब कसला. मग कळलं आणि मी तिथेच फरशीवर बसले.

धाकटी तेव्हा सात आठवड्यांची होती. मोठा साडेतीन वर्षांचा, नुकताच बालवाडीत जायला लागलेला. एक दिवस शेंबूड घेऊन आला. "नुसती सर्दी आहे" हे वाक्य माझंच, दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. पाच दिवसांनी तो उड्या मारत होता आणि हिचं नाक चोंदलं. दोन घोट ओढायची, सोडायची, रडायची. ताप नाही म्हणून मी निवांत.

तिसऱ्या रात्री तिचे श्वास मोजायला बसले. डॉक्टरांनी बजावलं होतं की झोपेत मोजा आणि पूर्ण मिनिट मोजा, अर्धं मोजून दुप्पट करू नका, तान्ह्यांचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा त्याहून जास्त भरले तर वाट बघायची नाही. ६२ आल्यावर मी मुद्दाम पुन्हा मोजलं, वाटलं चुकले असेन. ६४. झबलं वर केलं तर दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. निघालो तसेच. तीन रात्री ऑक्सिजनवर होती. आरएसव्ही (श्वासमार्गाला ग्रासणारा एक विषाणू) हा शब्द तिथे पहिल्यांदा ऐकला.

आता नऊ वर्षांची आहे, भांडते कडाकडा. तुमच्याकडे कोण कुणाला कुणापासून जपत होतं? लिहा. सल्ले चालतील, पण आधी अनुभव.

अर्धवट झोप
ती रेघ!! बाई गं. माझ्याकडे वही नव्हती, फोनमध्ये लिहून ठेवलं होतं, अजून पुसलं नाहीये. पिल्लू उठलंय, येते नंतर.

उंबरठा
आमच्याकडे उलटं झालं. वडील ७८. ताप नाही, खोकला थोडासा. सकाळी मला विचारलं, "आज तू ऑफिसला का गेला नाहीस?" रविवार होता. दुपारी पुन्हा तेच. आम्ही म्हटलं, वय झालं. दोन दिवसांनी बाथरूमपर्यंत चालवेना, तेव्हा नेलं. छातीत न्यूमोनिया निघाला, मूळ तोच विषाणू. म्हाताऱ्या माणसांत ताप न येता नुसता गोंधळ, नुसती गळाठलेली अवस्था असू शकते हे तेव्हा कळलं. त्यात त्यांना दमा जुना.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. घरात आलेल्या कुणीतरी माझ्या पाच वर्षांच्या मुलीला सांगितलं, "तुझ्या सर्दीमुळे आजोबा आजारी पडले." गंमत म्हणून. वडील घरी आले तर ही दाराशी उभी, आत येईना. किती बोलावलं. शेवटी वडीलच म्हणाले, "अगं, ती सर्दी माझी होती, तू घेऊन गेली होतीस, परत केलीस." तेव्हा कुठे आत आली, तीही मास्क लावून, स्वतःच, डोळ्यांपर्यंत वर ओढून.

वाचनमात्र
@उंबरठा, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.
आमचं म्हणाल तर आईने मला आठवडाभर खोलीत कोंडलं, ताट दाराबाहेर ठेवून टकटक करून पळायची. त्या सात दिवसांत आमचं जितकं बोलणं झालं (भिंतीपलीकडून फोनवर) तितकं एरवी वर्षात होत नाही. बरा झालो आणि परत अबोला 😄

खिडकीपाशी
मी त्या पाहुण्यांबद्दल लिहिणार. बाळ तीन आठवड्यांचं, माझे टाके ओले, आणि चुलत सासूबाई आल्या त्या थेट गालाचा मुका घ्यायला. नाक लाल. मी म्हटलं, "काकू, आधी हात धुता का?" खोलीत जी शांतता पसरली ती अजून ऐकू येते मला. "आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?" सुरू झालं. नवरा मोबाइलमध्ये. वाचवलं कुणी, तर सासूबाईंनी. उठल्या, स्वतः हात धुवून आल्या, मग काकूंना टॉवेल दिला आणि म्हणाल्या, "चला, मी पण धुतले." बस्स. त्या दिवसापासून सासूबाई माझ्या पक्षात. नंतर त्यांनीच नियम काढला, बाळाचे पाय धरायचे, तोंडाजवळ जायचं नाही.

अर्धवट झोप
पाय धरायचे 😂 छान आहे हे. बाळ म्हणजे देवच की.

सुईदोरा
लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, ड्यूटी संपवून वाचतेय. निळी शाई, तू मोजलंस ते अगदी बरोबर. पुढच्या वयाचेही आकडे सांगून ठेवते: दोन महिने ते वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षं ४०. तेवढे किंवा त्याहून जास्त म्हणजे जोरात. आणि आकडा बरा असला तरी ओठ निळसर, दूध सोडलंय, लंगोट तासन्‌तास कोरडा, मध्येच श्वास थांबल्यासारखा, यातलं काहीही दिसलं तर निघायचं. तान्ह्यांचा त्रास बहुतेक तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढतो. त्यामुळे पहिल्या दिवशी दाखवून "काही नाही" ऐकून आलात तरी पुढे लक्ष ठेवा. पालक इथेच फसतात, डॉक्टरांनी बघितलंय ना म्हणून गाफील राहतात.

दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला हा आरएसव्ही एकदा तरी होऊन जातो. त्यामुळे कुणाकडून आला हे शोधत बसू नका. मोठ्यांना तो सर्दीसारखाच दिसतो, म्हणून तर घरात शिरतो. पाळण्याचा कठडा, दाराची कडी यांवर काही तास टिकतो. साबणापुढे मात्र टिकत नाही, त्याचं वरचं स्निग्ध आवरण साबणाने फुटतं. अँटिबायोटिक मागू नका, विषाणूवर ते चालत नाही.

गंमत माहितेय? १९५६ साली हा पहिल्यांदा सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये.

वाचनमात्र
म्हणजे माझा भाचा घरी आणतो ते मूळ मालकाकडूनच.

मोरपीस
नाक चोंदलेल्या बाळाला पाजायचं कसं, कुणी सांगेल का? आत्ता चालू आहे आमच्याकडे. चार महिने. श्वास मोजला, ३८.

सुईदोरा
३८ छान आहे. पाजायच्या आधी प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे एक-दोन थेंब, मिनिटभर थांब, मग रबरी फुग्याने हलकेच ओढ. फुगा आधी दाबायचा, मग नाकाला लावायचा. थोडं थोडं, जास्त वेळा पाज. इतकी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, नाक बंद तर दूध बंद. वाफेच्या भांड्याजवळ नेऊ नकोस, भाजलेली पोरं बघितलीत मी. खोकल्याचं औषध मनाने नाही.

मोरपीस
फुगा आधी दाबायचा!!! मी उलटं करत होते. तरीच किंचाळत होता. थँक्यू ताई 🙏

धाकटा भाऊ
माझ्या मोठ्या भावाची किडनी बदललीय, त्यामुळे प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली. आमच्या घरात 'नुसती सर्दी' हा शब्दच नाही. पुतणीचा दर वेळी मेसेज येतो, "येऊ का? नाक कोरडं आहे." आम्ही सगळे दर वर्षी फ्लूची लस घेतो, कारण त्याच्या अंगात लस पुरेशी लागू पडतेच असं नाही. त्याच्याभोवती आमचंच कुंपण. मी कंटाळून एकदा चुकवली आणि नेमका मलाच फ्लू झाला. भावाला काही झालं नाही, मी आधीच मित्राकडे मुक्काम हलवला होता. त्याने फोनवर एवढंच विचारलं, "कंटाळा गेला का?"

खिडकीपाशी
लस घेतली की फ्लू होतो म्हणतात ना? आमच्या वाचमनकाकांना झाला होता.

सुईदोरा
इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, तिने फ्लू होत नाही. एखादा दिवस अंग दुखतं, कणकण वाटते. पण संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्याआधी गाठला असेल काकांना. सहा महिन्यांपासून पुढे जवळजवळ कुणालाही देता येते. त्याहून लहान बाळांसाठी मग आईने गरोदरपणात घ्यायची.

आरएसव्हीची लस मात्र फार उशिरा आली. १९६० च्या दशकात एका लशीची चाचणी उलटली होती, लस घेतलेली मुलंच जास्त आजारी पडली, दोन दगावली. त्यानंतर सगळे हात राखून होते. २०२३ मध्ये पहिल्यांदा लशी मंजूर झाल्या, वयस्कांसाठी आणि गरोदर आईसाठी. बाळासाठी तयार प्रतिपिंडांचं (विषाणूला अडवणाऱ्या अँटिबॉडीजचं) इंजेक्शनही निघालंय. तुमच्याकडे काय मिळतं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

उंबरठा
वडिलांसाठी विचारतो. एक कबुली राहिली. मी गॅलरीत सिगरेट ओढायचो, वाटायचं बाहेरच तर ओढतो. दमेकऱ्याच्या घरात कपड्यांना चिकटून आलेला वाससुद्धा कुणाला नको असतो. सोडली म्हणणार नाही, तिसऱ्यांदा सोडतोय.

वाचनमात्र
तिसऱ्या वेळेला शुभेच्छा. चौथ्यालाही आहेतच.

अर्धवट झोप
आले. पिल्लू परत झोपलं. माझं थोडक्यात: जुळी. एकाला झाला, दुसऱ्याला होऊ नये म्हणून एकाला आईकडे ठेवलं, एकाला माझ्याकडे. चौथ्या दिवशी दुसऱ्यालाही झालाच. पण तोपर्यंत पहिला सावरला होता, दोघं एकदम आजारी असते तर मी वेडी झाले असते. त्यामुळे फुकट गेलं असं नाही म्हणणार. निळी शाई, एक विचारू? रेघेनंतर वहीत काय आहे?

निळी शाई
पान उलटून बघितलं आत्ता. हॉस्पिटलातून आल्यावरचं आहे. ३:०० – ४४. ४:०० – ४१. मग "झोपते" एवढंच, तारीख नाही. आणि त्यावर मोठ्या मुलाने लाल खडूने गाडी काढलीय, आकड्यांवरून गेलेली. तेव्हा ओरडले असणार त्याला.

मोरपीस
प्यायला!! पूर्ण. नाक वाजतंय अजून पण प्यायला.

खिडकीपाशी
अरे वा! आता तूही झोप.
कुणाकडे डिजिटल थर्मामीटर आहे का, दर वेळी वेगळा आकडा दाखवणारा? की माझाच बिघडलाय?