विशेष शाळेतला हसरा मुलगा हात चावायलाय, काय करावं? (सोलापूर)

शाळेतली_बाई:
नमस्कार. मी सोलापुरात बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत विशेष शिक्षिका आहे. वर्गात चौदा वर्षांचा एक मुलगा आहे, बोलणं अगदी मोजकं, घरी तेलुगू, आई विड्या वळते, आजी शाळेत सोडायला येते. कायम हसरा, परिपाठाला सगळ्यात जोरात टाळ्या ह्याच्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र स्वतःचाच हात चावायलाय, मनगटावर वळ उठलेत, आणि मधल्या सुट्टीत डबा न उघडता तसाच घेऊन गेटजवळच्या बाकड्यावर जाऊन बसतो, आत आणायला गेलं की ओरडतो. वर्गात काही बदललं नाही, वेळापत्रक तेच, मुलं तीच, फक्त आमच्या मदतनीस मावशी दिवाळीत रिटायर झाल्या. स्टिकर देऊन बघितलं, उपयोग नाही. बाकीचे म्हणतात वयात आलाय, हट्टी झालाय, जरा कडक राहा. मला ते पटत नाही. त्यात संक्रांत आली, गड्ड्याची म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेची गर्दी, वाजंत्री, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, तेव्हा अजून वाढेल म्हणून जीव धास्तावलाय. कुणी सांगेल का?

आई_जुळे_सोलापूर:
बाई आधी कुठं दुखतंय का ते बघा की. माझी लेक बोलत नाही, ती गालावर मारून घ्यायची, सगळे म्हणायचे लाडावलीय, निघाली किडलेली दाढ. दात, कान, पोट साफ होतंय का, हे पहिलं. फिट्सच्या गोळ्या चालू असतील आणि मधे बदलल्या असतील तर तेही आजीला विचारा, लेव्हेटिरासिटाम नावाच्या फिट्सच्या गोळीनं काही मुलांची चिडचिड खूप वाढते. पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांनाच दाखवा.

जुना_विशेष_शिक्षक:
वरच्या ताईंचं बरोबर, दुखणं आधी तपासा. पण बाई, मावशी रिटायर झाल्याचं तुम्ही "फक्त" म्हणून लिहिलंय आणि माझी नजर तिथंच अडकली. मधल्या सुट्टीत त्याचा डबा कोण उघडून द्यायचं? सुट्टीला जाताना तो त्यांना रोजच्यासारखा टाटा करून गेला असणार आणि परत आला तर माणूसच नाही, कुठं गेलं कुणी सांगितलंही नाही. आपल्या शाळांमधे हे सारखं होतं, बाई बदलतात, ड्रायव्हर बदलतो, अठरा झाले की वर्गमित्र कर्मशाळेत, म्हणजे मोठ्या मुलांना काम शिकवतात तिथं जातो, घरात आजोबा जातात, आणि ह्याला काय कळतंय म्हणून पोरांना कुणी काही सांगत नाही. कळतं हो. विचारता येत नाही एवढंच.

त्याला सांगा. मावशींचा फोटो घ्या, त्याच्याशेजारी बसून साध्या शब्दांत सांगा की मावशी आता शाळेत येणार नाहीत, त्या त्यांच्या घरी आहेत, बऱ्या आहेत. हेच आजींना घरी तेलुगूत सांगायला लावा, तोच फोटो दाखवून. एकदा सांगून भागत नाही, रोज सांगावं लागेल. "उद्या येतील" असं मात्र कुणी म्हणू नका, मग तो रोज गेटवर वाट बघणार.

बाकड्यावरून ओढून आणू नका. काही दिवस तुम्हीच तिथं जाऊन बसा, डबा तिथंच उघडा, झाकण अर्धं तुम्ही उघडा, अर्धं त्याला उघडू द्या. आजच्या भाजीबद्दल बोला, उत्तर लगेच आलं नाही तर थांबा, ह्या मुलांना वेळ लागतो आणि आपण घाईनं तोच प्रश्न परत विचारतो. चावायला लागला तर मोठ्यानं बोलू नका, चावायला जाड रुमाल द्या. आणि वहीत लिहीत चला, चावायच्या आधी काय झालं, किती वेळ चाललं, नंतर आपण काय केलं. आठवडाभरात तुम्हालाच दिसायला लागेल. चेहऱ्यांची कार्डं द्यायची तर राग, दुःख, दुखतंय एवढीच तीन, आणि ती तो शांत असताना शिकवायची.

मन_समुपदेशक:
"कडक राहा" म्हणणाऱ्यांना एक सांगा, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेला बंदी आहे तशीच मानसिक छळालाही आहे. आणि वयात आलाय म्हणजे उलट त्याला जास्त मान द्यायचा, सगळ्यांसमोर हात धरून खेचायचं नाही, कुठं बसू, कुठलं काम आधी करू हे त्याला निवडू द्यायचं. गड्ड्याचं म्हणाल तर आत्तापासून फोटो दाखवा, फटाक्यांचे व्हिडिओ अगदी हळू आवाजात लावा, कान झाकायचे हेडफोन मिळाले तर सवय करा. दारूकामाच्या रात्री घरीच ठेवलं तरी चालेल हे आजींना सांगा, बाकी जत्रा सकाळी गर्दी नसताना दाखवता येते. आणि बाई, तुम्ही एकटीनं हे ओढताय असं दिसतंय. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं, तो तुमच्यासाठीही आहे.

शाळेतली_बाई:
सर, डबा मावशीच उघडायच्या. झाकण घट्ट आहे त्याचं. वाचून कसंतरीच झालं. मावशींना फोन केला, त्या यायला एका पायावर तयार आहेत. पण त्या येऊन परत गेल्या की तो अजून बिथरणार नाही ना? शाळेत बोलावू का त्याला त्यांच्या घरी नेऊ?

जुना_विशेष_शिक्षक:
आधी घरी न्या, आजींना बरोबर घेऊन. मावशी आता राहतात ती जागा त्याला डोळ्यांनी दिसू दे, तिथं दोघांचा फोटो काढा आणि तो त्याच्या दप्तरात ठेवा. परतताना रडेल, रडू द्या, गप्प करायला चॉकलेट पुढं करू नका. शाळेतला निरोप नंतर, सगळ्या वर्गाबरोबर, कारण मावशी बाकीच्या पोरांच्याही होत्याच की.