माती किरण ‘शोषते’, म्हणजे नेमकं काय करते?

प्रश्न :
जपानमधल्या फुकुशिमाच्या २०११च्या अणुदुर्घटनेवरच्या एका लेखाचं मराठी करते आहे. एका परिच्छेदात ‘मातीने सीझियम शोषलं’ असं लिहिलं आणि पुढच्यात ‘वर टाकलेल्या स्वच्छ मातीने गॅमा किरण शोषले’. आईने वाचून विचारलं, “म्हणजे स्वच्छ मातीही किरणोत्सारी झाली?” दोन्हीकडे शोषणच वापरायचं का?

उत्तर :
नको. आईंची शंका रास्त आहे. शोषलेलं आत राहतं, असंच आपण धरून चालतो.

सीझियम हे किरणोत्सारी द्रव्य आहे, गॅमा किरण त्यातून बाहेर पडतात. चिकणमातीच्या कणांना, विशेषतः अभ्रकासारखे पापुद्रे असलेल्या खनिजांना, ते घट्ट धरून बसतं. म्हणून तर २०११ नंतर तिथल्या शेतांतली वरची सुमारे ५ सेंटिमीटर माती खरवडून ते काढता आलं. परिभाषेत हे अधिशोषण, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून राहणं. गाळाचंही तेच : गढूळ पाणी धरणात आलं की कण तळाशी बसतात, त्यांना चिकटलेलं सीझियमही बसतं.

गॅमा किरण मात्र साठत नाही. तो इलेक्ट्रॉनांवर आदळतो, दिशा बदलतो, दर टकरीत थोडी ऊर्जा गमावतो आणि अखेर एखाद्या अणूत संपतो. ‘शोषण’ खरं तर या शेवटच्या टप्प्यापुरतंच. सीझियम-१३७ (सीझियमचा एक किरणोत्सारी प्रकार) पासून थेट येणारे किरण दाबून बसवलेल्या मातीच्या साधारण ५-६ सेंटिमीटरमध्ये निम्मे होतात, पुढच्या तेवढ्याच थरात निम्म्याचे निम्मे. माती ओली असेल तर आणखी कमी, कारण हवेच्या पोकळ्यांत पाणी भरलेलं असतं. या घटीला ‘क्षीणन’ म्हणा. सीझियमच्या किरणांनी स्वच्छ माती किरणोत्सारी होत नाही.

आणखी एक उत्तर :
क्षीणन बरोबर आहे, पण आईंसाठी ‘जिरणे’ का नको? ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिले उत्तरदाते :
जिरवलेलं पाणी विहिरीला येतं हो, तिथे थोडी अडचण आहे. पण राग जिरतो, अन्न जिरतं, तसं घेतलं तर चपखल. ‘मुरणे’ मात्र कटाक्षाने टाळा. मुरलेलं आतच असतं.

प्रश्नकर्ती :
मग असं केलं : ‘सीझियम मातीच्या कणांना बिलगलं. त्यावर स्वच्छ मातीचा जाड थर घातला, त्यात त्याचे बहुतेक किरण जिरले.’ तक्त्याच्या मथळ्यात ‘क्षीणन’च ठेवते, तिथे आकडे आहेत.